फारुखच्या चुकांचा डबा

निमंत्रणपत्रिका आली तेव्हा फरझाना लोगडे रंभाच्या लेकीचा, अपेक्षाचा ब्लाउज शिवत होती. तिने पत्रिका वाचली, मशीनचं चाक हाताने थांबवलं आणि पुन्हा वाचली. कागद जाड होता, कडेला सोनेरी वेलबुट्टी होती. पेणची माणसं असलं काम देखणं करतात, त्यात वाद नाही. पण आत छापलं होतं, 'कै. फारुख लोगडे यांच्या जपानी रेल्वे इंजिन-संग्रहाच्या कायमस्वरूपी दालनाचे उद्घाटन.'

मरहूम माणसाला त्यांनी परस्पर कैलासाला पाठवलं होतं, पण त्याचा तिला राग आला नाही. फारुख जन्मभर जहाजावर राहिलेला माणूस, कुठेही करमवून घेतलं असतं त्याने. रागाचं कारण पुढे होतं. 'यांच्या' म्हणजे कुणाच्या? आणि कायमस्वरूपी हे कुणी ठरवलं?

"काय झालं गो भाबी?" रंभाने विचारलं. रंभा कोलाडकडच्या एका गावातली. वाल विकायला रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात यायची, टोपली रिकामी झाली की फरझानाच्या ओटीवर टेकायची.

"माझी इंजिनं गेली."

"कुठं?"

"पेणला. पंधरा दिवसांसाठी म्हणून नेलीन, आता देत नायत."

नेली होती तिच्याच मुलाने. नोव्हेंबरात फारुख गेला, फैजल कुवेतहून धावत आला. फरझाना इद्दतीत बसली होती. चार महिने दहा दिवस घराबाहेर पाय नाही, परक्यांसमोर येणं नाही. फैजलने दारात उभं राहून विचारलं होतं, "अम्मी, पेणच्या वाचनालयाचे हैबतराव सर प्रदर्शन भरवतायत. अब्बांच्या आठवणीसाठी पंधरा दिवस देऊया ना?" तेव्हा तिचं डोकं ठिकाणावर कुठे होतं? ती हो म्हणाली. कपाट आतल्या वहीसकट रिकामं झालं, फैजल कुवेतला परत गेला, आणि पंधरा दिवसांचे चार महिने झाले. हैबतराव सर मोठे शहाणे. उद्घाटनाची तारीखही इद्दत संपल्यानंतरची धरली होती, भाभींना येता यावं म्हणून. असा विचार करणारी माणसं वाईट नसतात. म्हणून तर त्यांच्यावर धड चिडताही येत नाही, आणि तेच जास्त संतापजनक असतं.

आता ही इंजिनं काय भानगड आहे ते सांगायला हवं.

फारुख मोटारी वाहून नेणाऱ्या जहाजावर ऑइलर, म्हणजे इंजिनाचं तेलपाणी बघणारा होता. नऊ-नऊ महिने दर्यावर. जपानच्या बंदरांना त्याची नेहमीची फेरी. लग्नानंतरची दुसरी सफर तेवढी चारच महिन्यांची होती. त्या सफरीहून येताना त्याने एक वीतभरही लांब नसलेली डबी आणली. आत स्पंजच्या खाचेत एक लालभडक इंजिन. खऱ्याच्या दीडशेपट लहान, पण हुबेहूब. छपरावर वरच्या तारेतून वीज घेणारे, केसासारख्या तारांचे दोन पॅन्टोग्राफ. त्याने ते होणाऱ्या मुलासाठी घेतलं होतं. मूल यायला अजून चार महिने होते, म्हणून फरझानाने ते स्वतःच्या तळहातावर घेतलं आणि पुन्हा कुणाला दिलं नाही.

इंजिनाच्या अंगावर लिहिलं होतं, ED 75. हे ED म्हणजे काय? इतकी साधी गोष्ट, पण तिला झोप लागेना. मदरशात शिकलेल्या मोडक्यातोडक्या उर्दूत तिने पत्रातून विचारलं. फारुखने जहाजावरच्या जपानी इंजिनिअरला विचारून कळवलं: E म्हणजे वीज, आणि दुसरं अक्षर म्हणजे ओढणाऱ्या चाकांच्या जोड्या. D म्हणजे चार, F म्हणजे सहा, H म्हणजे आठ. पुढच्या खेपेला तिने त्याला सांगितलं, "सोनं नको, सेंट नको. मला F आणा."

बाकीच्या बायकांचे नवरे बांगड्या आणायचे, घड्याळं आणायचे. हिचा नवरा निळं EF65 आणायचा. एकदा त्याने दुकानातलं जाडजूड कॅटलॉग आणलं आणि मग तर विचारूच नका. ती कॅटलॉगमधल्या चित्रावर शिलाईचा बटर पेपर ठेवून आकार उतरवायची, कापायची आणि पत्रात घालून पाठवायची. योकोहामाच्या दुकानात फारुख तो कागदी तुकडा काउंटरवर ठेवायचा. दुकानदार हसायचा म्हणे. पाहिजे ते मिळालं की फारुखची सुट्टी वसूल.

तरीही चुका व्हायच्या. नारिंगी रंगाला भुलून एकदा त्याने डिझेलचं इंजिन आणलं. एकदा ट्राम आणली. एकदा नुसताच प्रवासी डबा. आणि एकदा तर दिवसभर बर्फात भटकून कोळशाचं काळं अजस्र इंजिन घेऊन आला, दुकानदाराने "बेस्ट, बेस्ट" म्हटलं म्हणून! फरझानाने कपाळाला हात लावला. पण टाकून कशी द्यायची? बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात कापूस घालून तिने चारही त्यात ठेवली. 'फारुखच्या चुकांचा डबा' असं ती त्याला म्हणायची आणि तोही हसायचा. विजेची अठ्ठावीस इंजिनं कपाटात, चुकीची चार डब्यात.

आणि एक चूक तिची स्वतःची. ती सांगताना आजही तिचा आवाज बदलतो. इंजिनं यायला लागली त्या पहिल्या वर्षी सासूने कपाट उघडून विचारलं होतं, "ही खेळणी कुणाची?" घरात नवी आलेली सून, माहेरी मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली, आणि खेळण्यांत जीव अडकलेली. काय सांगणार? ती म्हणाली, "त्यांची हायत. त्यांना शौक हाय." सासूने कपाट लावून घेतलं. पुरुषाचा शौक म्हटला की घरात सगळ्यालाच जागा होते. ते एक वाक्य तेहतीस वर्षं चाललं.

उद्घाटनाच्या दिवशी फरझाना रोह्याहून सकाळच्या गाडीने निघाली. सोबत रंभा, आणि रंभाच्या टोपलीत रिकाम्या डब्यांची चवड. फैजलने इंजिनं नेताना डबे घरीच ठेवले होते. शोभेच्या वस्तूला डबा कशाला लागतो, असं त्याला वाटलं असेल. डब्यावाचून इंजिन म्हणजे खोळीवाचून उशी, हे त्याला कोण सांगणार?

नागोठण्याला मालगाडीला वाट द्यायला गाडी थांबली. विजेचं लांबलचक इंजिन खिडकीसमोरून सरकलं. फरझानाचे ओठ हलले.

"काय मोजतेस?" रंभाने विचारलं.

"जोड्या. सहा हायत. जपानात असतं तर F झालं असतं."

"मंग चाकं मोजली की झालं? सोपं हाय."

"नाय गो. माझ्याकडं एक EF58 हाय. त्याला दहा जोड्या. पण त्यातल्या ओढणाऱ्या सहाच. पुढच्या-मागच्या चार नुसता भार उचलतात. बघणाऱ्याला सगळी सारखीच दिसतात."

रंभाने थोडा विचार केला. "म्हंजे आमच्या घरासारखं," ती म्हणाली. तिच्या घरात कोण ओढतं आणि कोण नुसतं फिरतं ते फरझानाला ठाऊक होतं. दोघी पेण येईपर्यंत हसत होत्या.

वाचनालयाच्या जिन्यावरच हसू संपलं.

वरच्या मजल्यावर रांगोळी होती, समई होती, आणि फारुखच्या फोटोला झेंडूचा टपोरा हार होता. त्याच्या वर लालभडक पाटी: 'कै. फारुख लोगडे संग्रह', सोनेरी अक्षरांत. पाटी रंगवणारा अक्षय कारखान्यात गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखतो. पाटीच्या प्रत्येक अक्षराला त्याने तसाच जीव लावला होता. हात मात्र सोन्याचा, हे फरझानाने रागातही कबूल केलं.

मग तिने कपाटाकडे पाहिलं. मधोमध मखमलीवर, खाली दिवा लावलेल्या फिरत्या तबकडीवर, कोळशाचं काळं इंजिन गोल गोल फिरत होतं. पुढे चिठ्ठी: 'फारुखभाईंचे सर्वांत लाडके इंजिन.' शेजारी मानाने डिझेल, ट्राम आणि प्रवासी डबा. चुकांचा अख्खा डबा सिंहासनावर बसला होता. आणि विजेची अठ्ठावीस मागच्या फळ्यांवर, गर्दीत, एकमेकांना खेटून. लाल ED75 चा एक पॅन्टोग्राफ वाकलेला. कुणीतरी फडका मारला होता. तेहतीस वर्षं तिने ज्याला बोट लावलं नाही, क्रोशाच्या सुईने अलगद वर-खाली केलं, त्याला फडका!

"या भाभी, या," हैबतराव सर पुढे आले. पांढरा सदरा, चेहऱ्यावर खराखुरा आनंद. "तुमच्यासाठी पहिली खुर्ची."

"सर, ह्याची जोडी कुठंय?" तिने एका निळ्या इंजिनाकडे बोट केलं. EF63.

"कसली जोडी?"

"ही दोन होती."

"हां हां! दोन्ही सारखीच होती. डुप्लिकेट म्हणून एक आत ठेवलं. जागा वाचली."

फरझाना पहिल्या खुर्चीवर जाऊन बसली. बोलली असती तर उद्घाटन तिथेच आटोपलं असतं. ही जोडी जपानातल्या एका अवघड घाटाच्या पायथ्याशी राहायची. वर जाणाऱ्या प्रत्येक गाडीला खालच्या अंगाने दोघं मिळून ढकलायची, उतरणाऱ्या प्रत्येक गाडीला दोघं मिळून धरायची. घाट बंद झाला तेव्हा दोघांचंही काम संपलं. आणि इथे एकाला डुप्लिकेट म्हणून कपाटात कोंडलं! ज्याला घाट म्हणजे काय कळत नाही त्याने कोकणात राहू नये.

सभा सुरू झाली. अक्षयच्या हातातल्या फोनवर कुवेतहून फैजल दिसत होता. हैबतराव सर बोलायला उभे राहिले. चांगले बोलले. दर्यावरचा एकाकी माणूस, परक्या बंदरातला त्याचा व्यासंग, एका साध्या खलाशाची ज्ञानाची भूक. मग त्यांनी काचेखालची एक वही दाखवली. "हे पाहा, फारुखभाईंची टिपणवही! प्रत्येक इंजिनाची माहिती, मोत्यासारख्या अक्षरात." सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि शेवटी सर म्हणाले, "या संग्रहामागे आणखी एक व्यक्ती आहे, तिला विसरून चालणार नाही. आमच्या फरझानाभाभी. त्यांनी आयुष्यभर या इंजिनांवरची धूळ पुसली."

टाळ्या पडल्या. खूप पडल्या.

धूळ पुसली! फरझानाच्या कानशिलात घण बसल्यासारखं झालं. शाल खांद्यावर आली, नारळ हातात आला. तिने नारळ रंभाकडे दिला आणि म्हणाली, "सर, दोन शब्द बोलू?"

"अवश्य! भावना व्यक्त करा."

"ती वही बाहेर काढा."

सरांनी काच सरकवली.

"फैजलचे अब्बा उर्दू शाळेत शिकले," फरझाना म्हणाली. "सही उर्दूत करायचे. मराठी बोलायचे, पण मराठीचं एक अक्षर त्यांना लिहिता येत नव्हतं. ही वही मराठीत हाय. आता मागचं पान उघडा आणि मोठ्यानं वाचा."

हैबतराव सरांनी पान उलटलं. चष्मा सारखा केला. सवयीने खणखणीत मास्तरी आवाजात वाचायला लागले, "सांदण. तांदळाची कणी दोन वाट्या, नारळाचं दूध..." आणि थांबले.

"अजून एक पान."

"रंभाच्या अपेक्षाचा... परकर. कंबर सव्वीस, उंची..."

"मेल्यानं माझ्या पोरीची कंबर पुऱ्या पेणला सांगितली!" रंभा मागून ओरडली. सभा हसली. सर हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी वही मिटली, पुन्हा उघडली, आणि पुढचं अक्षर मागच्या अक्षराशी ताडून पाहिलं. मास्तर माणूस, हस्ताक्षर ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

"भाभी," ते हळू म्हणाले, "हे तुम्ही आम्हाला आधी सांगायचं होतं हो."

"विचारलं कुणी?" आता तिचा आवाज चढला. "चार महिने मी घरात बसून होते, मेले नव्हते! निरोप पाठवला असतात तर दाराआडून उत्तर दिलं असतं. कागद कापून मी पाठवायची, ते नुसते आणायचे. त्यात पण चुकायचे! हे फिरतंय ना दिव्यावर, ती चूक हाय त्यांची. पंधरा दिवसांसाठी दिली होती मी. माझी हायत ती, आज घेऊन जाणार."

"अम्मी," फोनमधून फैजलचा आवाज आला. "पण अब्बाच बोलायचे ना मला. 'माझा शौक हाय' म्हणायचे. जहाजावरचे लोक पण त्यांना हसायचे, खेळण्यावाला बोलायचे. त्यांनी कधी तुझं नाव नाय सांगितलं."

फरझाना उभी होती तिथेच थांबली. हे तिला माहीत नव्हतं. तिने एकदा, फक्त एकदा, सासूपुढे वेळ मारून नेली होती. ते खोटं त्याने ऐकलं असेल, आणि मग मुलापुढे, मित्रांपुढे, भर दर्यात, जन्मभर निभावलं. खेळण्यावाला म्हणवून घेतलं. आणि एकदाही घरी येऊन सांगितलं नाही की आता पुरे, आता खरं सांगून टाकू. तिला त्याचा असा राग आला की तो समोर असता तर त्याला तिने बोल बोल बोलून घेतलं असतं. सासू जाऊन वीस वर्षं झाली होती. कुणाला भीत होतो आपण दोघं?

"ते माझ्यामुळं बोलायचे," ती फोनकडे बघून म्हणाली. डोळे भरून आले होते आणि त्याचाही तिला राग येत होता. "मीच शिकवलं होतं खोटं. म्हणून काय मी माझी इंजिनं सोडू?"

"नको अम्मी," फैजल म्हणाला. "घेऊन जा. माझी चूक झाली."

मग पेणच्या त्या सभेने उद्घाटनाऐवजी वेगळाच कार्यक्रम पाहिला. रंभाने टोपलीतून डबे मांडले. फरझानाने पदराने हात पुसले आणि एकेक इंजिन दोन बोटांत धरून खाचेत ठेवायला सुरुवात केली. ठेवताना नाव सांगत होती, न सांगता राहवेना म्हणून. हे EH10, आठ जोड्या, काळ्यावर पिवळा पट्टा. हे EF58, दहा जोड्या, ओढणाऱ्या सहा. इथे तिचा हात जरा रेंगाळला, मग तिने झाकण लावलं. लोक खुर्च्या सोडून जवळ आले. अक्षय आतून दुसरं EF63 घेऊन आला, ओंजळीत धरून, रंग न वाळलेली मूर्ती धरावी तसं. "माफ करा काकी," तो म्हणाला. तिने जोडी एकाशेजारी एक ठेवली. वाकलेल्या पॅन्टोग्राफकडे बघून मात्र तिचं तोंड पुन्हा कडू झालं. "फडका कुणी मारला?" तिने विचारलं.

अठ्ठावीस डबे भरले. कपाटात उरली चार: फिरणारं काळं धूड, नारिंगी डिझेल, ट्राम, प्रवासी डबा. रंभाने टोपलीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला, कापूस सारखा केला आणि पुढे धरला.

फरझानाने तो हातात घेतला. तिने वरच्या पाटीकडे पाहिलं, मग त्या चार इंजिनांकडे. त्या काळ्या इंजिनासाठी तो दिवसभर बर्फात भटकला होता, पायांत जहाजावरचे पातळ बूट, खिशात तिने कापलेला कागद. कागद भिजून लगदा झाला होता, म्हणून तर चूक झाली. हे त्याने तिला खूप वर्षांनी सांगितलं होतं. तिने डब्याचं झाकण लावलं आणि रिकामा डबा कपाटात, चौघांच्या मागे ठेवला.

"ही राहू द्या, सर," ती म्हणाली. "ही त्यांनी स्वतःच्या मनानं आणलेली. आता तुमची पाटी बरोबर हाय."

हैबतराव सरांनी मान हलवली. अक्षयने विचारलं, "काकी, ते 'कै.' काढून 'मरहूम' करू?"

"कर. आणि ती चिठ्ठी काढ. लाडकं-बिडकं काय नव्हतं त्यांचं."

रंभाने टोपली डोक्यावर घेतली. परतीच्या गाडीला अजून अवकाश होता, पण फरझानाला तिथे थांबायचं नव्हतं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर ती थांबली आणि मागे वळली.

"आणि सर, फडका मारायचा नाय. मी महिन्यातून एकदा येईन रोह्याहून. ह्या चौघांची धूळ मीच पुसणार."